कापूस गेला, नियम आले

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

१८७० साली खामगाव ते जलंब हा जेमतेम आठ मैलांचा लोहमार्ग सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. एवढ्याशा फाट्यासाठी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने वऱ्हाडात का यावे? उत्तर एका शब्दाचे आहे, कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली होती, पण ती जाते जलंबवरून आणि बाजार खामगावात. मधले आठ मैल बैलगाड्यांनी भरून जात. म्हणून हा फाटा.

हे सगळे सांगायचे कारण रेल्वे नाही. माझा आजचा विषय आहे शहरांचे बांधकामाचे नियम आणि ते पुन्हा पुन्हा का बदलले जातात, हा. विषय रुक्ष वाटेल. घर बांधताना नगरपालिकेत जो नकाशा द्यावा लागतो त्याच्याशी, आणि तो मंजूर होईपर्यंत माराव्या लागणाऱ्या खेपांशी आपला तेवढ्यापुरता संबंध येतो. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर मला जुन्या नियमावल्या जमवण्याचा नाद लागला. कोणी तिकिटे जमवते, कोणी नाणी. माझ्या घरात उपविधींच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तिका आहेत. त्या वाचताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. ज्या मार्गाने आपला कापूस मुंबईला गेला, त्याच मार्गाने पुढे शंभर वर्षांत मुंबईचे नियम आपल्याकडे आले. गेला तो माल आपल्या रानातला होता. आले ते नियम मात्र दुसऱ्या गावाच्या दुखण्यावरचे औषध होते.

ते दुखणे काय होते ते आधी पाहू. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या गोदीतून विलायतेला जाई, आणि पुढे मुंबईच्याच गिरण्यांत जिरू लागला. गिरण्या आल्या तशी माणसे आली. कोकणातून आली, घाटावरून आली. ती राहिली चाळींत. एका खोलीत आठ-दहा जण, खोलीला खिडकी असली तर ती दुसऱ्या चाळीच्या भिंतीत उघडणारी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मे शहर गाव गाठायला पळाले. सरकार हादरले. १८९८ साली मुंबई सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दाट वस्त्या फोडायच्या, रुंद रस्ते काढायचे, उजेड-वारा आत आणायचा हे त्याचे काम.

या ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा केला. म्हणजे काय? तळमजल्याच्या खोलीला उजेड मिळायचा असेल तर समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत ओढलेली रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मी हा आकडा विचारला, तेव्हा त्यांनी लगेच कागदावर मांडून दाखवले. या कोनाचा अर्थ सरळ आहे. इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी हवी. साठ फूट उंची असेल तर तीस फूट. झाले, एवढेच. प्लेगने घेतलेले हजारो जीव आणि त्यानंतरचा सगळा खल शेवटी या एका कोनात येऊन बसला. आज आपण ज्याला सामासिक अंतर म्हणतो, म्हणजे घराच्या चारही बाजूंना सोडायची जागा, त्याचा आपल्याकडचा एक पूर्वज हा.

हे फक्त मुंबईतच घडले असे नाही. लंडनला १६६६ साली मोठी आग लागली. दुसऱ्याच वर्षी कायदा झाला की घरे विटांची बांधा, आणि कोणत्या प्रकारच्या घराची भिंत किती जाड असावी हेही ठरले. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल नावाची इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळ आकाशात गेली, भोवतालच्या इमारती तिच्या सावलीत बुडाल्या, आणि १९१६ साली त्या शहराने पहिली विभागवार नियमावली केली. कुठे राहायचे, कुठे धंदा करायचा, कुठे किती उंच जायचे, सगळे नकाशावर. नियमावलीचे कोणतेही कलम घ्या. खरवडले की खाली कुठली तरी आग, कुठली तरी साथ किंवा कोणाची तरी हाव दिसते.

मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचना कायदा झाला. हिंदुस्थानातला तो पहिला. त्यात एक फार शहाणी कल्पना होती. शहराच्या कडेची शेते वेडीवाकडी असतात. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यायची. क्षेत्र कमी होते, पण किंमत वाढते. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात गावोगाव हिंडत होते. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या वस्तीवर नांगर फिरवू नका. आधी तिच्यातून चाला, विहीर कुठे आहे, झाड कुठे आहे, बायका कुठे बसतात ते पाहा आणि लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करा. १९१८ साली त्यांनी इंदूरसाठी मोठा अहवाल लिहिला. पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे ऐकले किती गेले, हे कोणत्याही गावातला एखादा रुंद केलेला रस्ता पाहून ठरवावे.

आता बुलढाणा जिल्ह्याचे पाहू. मुंबईचा १९१५ चा कायदा आपल्याला लागू नव्हता, कारण आपण मुंबई इलाख्यात नव्हतोच. वऱ्हाड निजामाचा, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला. आजचा जिल्हादेखील तेव्हा असा नव्हता. खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोल्याकडे होते. नगरपालिकांसाठी आपल्याकडे १८८६ चा वऱ्हाडचा कायदा होता, नंतर मध्य प्रांताचा १९२२ चा आला. त्यांतले बांधकामाचे नियम साधे होते. घर बांधण्यापूर्वी कमिटीला कळवा, रस्त्यावर ओटा काढू नका, गटार अडवू नका. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा काढावा, ही कल्पना त्यांत नव्हती. त्यात भर नझुलाची. शहरातली पुष्कळ जमीन सरकारी नझूल, लोकांकडे ती भाडेपट्ट्याने. मराठवाड्यातल्या किंवा पुण्याकडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो, वऱ्हाडात तो लहान मुलालाही ठाऊक असतो.

मुंबई राज्याने १९५४ साली नवा कायदा केला आणि प्रत्येक शहराने विकास योजना करावी असे ठरवले, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. आणि मग १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला, जो आजही चालू आहे. त्याच्याबरोबर विकास योजना आल्या, आरक्षणे आली, झोन आले. पिवळा रंग निवासी, निळा व्यापारी, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा. वऱ्हाडातल्या गावांना पहिल्यांदाच कोणीतरी रंगवले.

त्या रंगकामात काय हरवले, याचे एक उदाहरण मला फार बोचते. आपल्याकडचे जुने घर आठवा. धाब्याचे घर, मातीच्या जाड भिंती, दर्शनी ओटा, आत ढाळज, मग अंगण आणि अंगणाभोवती खोल्या. शेजारच्या घराची भिंत आणि आपली भिंत एकच. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला तरी माजघरात गारवा असे, कारण उन्हाला शिरायला तोंडच कमी. उजेड आणि वारा यायचा तो वरून, आतल्या अंगणातून. मुंबईच्या नियमाने उजेड बाहेरून आणायचा ठरवले, कारण मुंबईच्या चाळीला आत अंगण नव्हते. त्यामुळे नव्या ले-आउटमध्ये काय झाले? भूखंड तीस बाय चाळीसचा. चारही बाजूंनी जागा सोडायची. मधे उरला तो सिमेंटचा ठोकळा, चारही भिंतींवर ऊन घेणारा. सोडलेल्या तीन फुटांत ना झाड लागते, ना खाट मावते. तिथे कुलरचा स्टँड आणि मोडकी सायकल. साठ फुटांच्या चाळीसाठी शोधलेले औषध आपण बारा फुटांच्या घराला चाटवत बसलो. जुन्या गावठाणासाठी, ज्याला नियमात दाट वस्ती म्हणतात, सवलती होत्या आणि आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण गाव वाढले ते गावठाणाबाहेर.

नियम आणि माणूस यांच्यातला खेळही पाहण्यासारखा असतो. चटई क्षेत्र निर्देशांक हा शब्द तुम्ही ऐकला असेल, लोक एफएसआय म्हणतात. मुंबईत तो साठच्या दशकात आला. एक हजार फुटांचा भूखंड आणि निर्देशांक एक, तर सगळे मजले मिळून एक हजार फूट बांधा. सोपे आहे. पण बाल्कनी त्यात धरायची की नाही? नियम करणाऱ्यांनी विचार केला, बाल्कनी उघडी असते, वारा येतो, चांगली गोष्ट आहे, ठराविक मापापर्यंत धरू नये. लोकांनी बाल्कन्या बांधल्या आणि ताबा मिळाल्यावर काचा लावून खोलीत घेतल्या. मग नियम आला, बाल्कनी बंद करायची तर पैसे भरा. मग लोक नकाशातच बंद बाल्कनी दाखवू लागले. हा लपंडाव कित्येक वर्षे चालला. अखेर २०२० च्या नव्या नियमावलीने सांगितले की बाल्कनी असो, जिना असो, बाहेरच्या रेषेच्या आत जे येईल ते सगळे मोजा. आणि त्या बदल्यात मूळ निर्देशांकावर निवासी इमारतीला ६० टक्के आणि इतर वापराला ८० टक्के जादा क्षेत्र अधिमूल्य भरून मिळेल. जे चोरून होत होते ते उघड झाले, तिजोरीतही चार पैसे आले. यात फसवणूक कोणाची, शहाणपण कोणाचे, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

पण खेळ खेळायलाही अंगणात जागा लागते. ज्यांना ती नाही त्यांचे काय? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कापूस बाजारात हमाली करायचे. आयुष्यभराच्या कमाईतून त्यांनी गावाच्या कडेला एक गुंठा घेतला. शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडून विकले होते, शंभर रुपयांच्या कागदावर. ले-आउट मंजूर नाही, शेती अकृषक झालेली नाही, रस्ता म्हणजे दोन घरांमधली फट. त्यांनी दोन खोल्या बांधल्या. नकाशा मंजूर करून घ्या असे मी म्हणालो, तर म्हणाले, ‘मास्तर, आमचं घरच नकाशात नाही, मग घराचा नकाशा कोठून देऊ?’ त्यांच्या नावाची नोंद होईना, कर्ज मिळेना, आणि विकास योजनेत त्या भागावर शाळेच्या मैदानाचे आरक्षण होते.

अशी घरे महाराष्ट्रात लाखोंनी आहेत. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वी पडलेले असे भूखंड काही अटींवर आणि शुल्क घेऊन नियमित करायची सोय झाली. वीस वर्षे गेली, तोवर नवे तुकडे पडले. २०२१ साली ती तारीख पुढे ढकलून ३१ डिसेंबर २०२० केली. म्हणजे नियम मोडणाऱ्यांची संख्या वाढली की नियमाची तारीख सरकते. कायदा पाळून मंजूर ले-आउटमध्ये दुप्पट किमतीला भूखंड घेणाऱ्याला याचा राग येतो आणि तो बरोबर आहे. पण हमालाला परवडेल असा मंजूर भूखंड कोणत्या रंगात दाखवला होता, हा प्रश्नही बरोबर आहे. मी तरी ते विकास योजनेचे सर्वांत मोठे अपयश मानतो. तिने शाळा, बाग, बाजार, स्मशानभूमी सगळे आखले. हातावर पोट असलेल्याचे घर आखले नाही.

आरक्षणाच्या जमीनमालकाचीही एक बाजू आहे. नकाशावर बागेचे चिन्ह पडले की जमीन ना विकता येते ना बांधता येते, आणि पालिकेकडे ती घ्यायला पैसे नसतात. कायद्याच्या १२७ व्या कलमाने अशा मालकाला वाट ठेवली आहे. योजना मंजूर होऊन दहा वर्षे लोटली की त्याने नोटीस द्यायची. ठरलेल्या मुदतीत जमीन घेतली नाही तर आरक्षण आपोआप उठते. ही मुदत आधी सहा महिने होती, नंतर वर्ष झाली, २०१५ पासून दोन वर्षे आहे. एका मुदतीचे आकडे बदलले एवढेच, पण दोन्ही बाजूंना कितीतरी मैदाने आणि कितीतरी म्हातारे मालक टांगलेले असतात.

नियमातला एखादा शब्द काय करू शकतो हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवले. तिथल्या सुमारे सहाशे एकर जमिनीवर गिरण्या होत्या. १९८२ च्या संपानंतर त्या एकेक थंडावल्या. १९९१ च्या नियमावलीत अठ्ठावन्नावा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने तीन वाटे: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, इमारती पाडून मोकळी होणारी जमीन धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार! प्रकरण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने २००५ साली शहराच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून दुरुस्ती कायम केली. आज तिथे मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. दुरुस्ती झाली त्या दिवशी गिरणगावात कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. अशी दुरुस्ती राजपत्रात छापून येते, आणि राजपत्र कोण वाचतो?

त्या गिरण्यांना ज्यांनी कापूस पुरवला त्या आपल्या गावांतही जिनिंग-प्रेसिंगची आवारे होती. गावाबाहेर म्हणून बांधली, गाव वाढले तशी मध्यात आली. सरकीचे ढीग, गंजीला आग लागू नये म्हणून भरून ठेवलेले हौद, कडुनिंबाची ओळ. वऱ्हाडात अशा कितीतरी जिनिंग बंद पडल्या. नकाशावर ते आवार जांभळे असते. जांभळ्याचे पिवळे झाले की जमिनीचा भाव कुठल्या कुठे जातो. असा बदल करताना मालकाला काय मिळाले हे सगळ्यांना दिसते. गावाला काय मिळाले, निदान ती कडुनिंबाची ओळ तरी राहिली का, हे विचारायची जागा नियमात आहे. विचारणारा लागतो.

आता आजच्या नियमावलीकडे येतो. पूर्वी जवळपास प्रत्येक शहराची वेगळी नियमावली असे. २०१३ साली राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी एक प्रमाणित नियमावली झाली. आणि २ डिसेंबर २०२० रोजी एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली तर सगळ्या महाराष्ट्राला एकच पुस्तक. ठाण्याला तेच, आपल्या जिल्ह्यातल्या अकरा नगरपरिषदांना तेच, मोताळा आणि संग्रामपूरच्या नगरपंचायतींनाही तेच. तिचे फायदे मोठे आहेत. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला आता परवानगीसाठी थांबावे लागत नाही, कागदपत्रांसह कळवले आणि शुल्क भरले की पुरे. तीनशे मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. छोट्या माणसाच्या खेपा यामुळे वाचल्या आणि कोणाच्या टेबलावर कागद अडकायची जागाही कमी झाली. उंच इमारतींचे सामासिक अंतर आता उंचीचा पाचवा हिस्सा धरतात. ऑरसाहेबांनी निम्मा मागितला होता! शंभर वर्षांत उजेडाची किंमत उतरली आणि जमिनीची चढली.

पण एकच पुस्तक म्हटले की आपली गावे त्यात कुठे बसतात हे पाहावे लागते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीखालचे पाणी खारट. वरची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पाया उचलते. पावसाचे पाणी साठवा किंवा जिरवा असे नियमावली मोठ्या भूखंडांना सांगते. इतरत्र जिरवणे योग्य. खाऱ्या पट्ट्यात गोडे पाणी खाऱ्यात सोडण्यापेक्षा टाकी बांधून साठवणे शहाणपणाचे, असे मला वाटते. ते गावागणिक ठरायला हवे.

शेगावचे दुखणे आणखी वेगळे. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साठ हजारांच्या आत होती, आणि गर्दीच्या दिवशी त्याहून कितीतरी माणूस दर्शनाला येतो. रस्ते, संडास, वाहनतळ हे राहणाऱ्यांच्या संख्येवर आखायचे की येणाऱ्यांच्या? गजानन महाराजांच्या समाधीला २०१० साली शंभर वर्षे झाली, त्या सुमारास शासनाने शेगावसाठी स्वतंत्र विकास आराखडा हाती घेतला. रस्ते रुंद झाले, सोयी झाल्या. मंदिराजवळच्या जुन्या वस्त्यांनी कुठे जायचे, हा प्रश्न मात्र उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. भाविकाला मोकळा रस्ता हवा हे खरेच. पण त्या रस्त्याच्या जागी कोणाची तरी चूल होती.

लोणारला तर एकाच घरावर तीन-तीन पुस्तके उघडतात. उल्केच्या आघाताने झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, २००० सालापासून अभयारण्य, २०२० साली रामसर यादीत गेलेले. गावात आणि काठावर प्राचीन मंदिरे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून शंभर मीटरमध्ये नवे बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये खास परवानगीने. २०१० च्या दुरुस्तीने हे कायद्यातच पक्के झाले. म्हणजे दैत्यसूदन मंदिराच्या आळीत राहणाऱ्याला वरचा मजला चढवायचा तर त्याने नगरपालिकेपुढे पुरातत्त्वाचे दार ठोठवायचे. मंदिर जपलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्याच्या कुटुंबात सुना आल्या, नातवंडे आली, त्यांनी कुठे झोपायचे हे तिन्ही पुस्तकांपैकी एकातही सापडत नाही.

समृद्धी महामार्गाच्या कडेला सिंदखेड राजाच्या बाजूला, सावरगाव माळच्या परिसरात, नवनगराची आखणी झाली. शेतकऱ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते काढायचे, आखलेला भूखंड परत द्यायचा. ओळखीचे वाटते ना? मुंबईची १९१५ ची ती कल्पना शंभर वर्षांनी जिजाऊंच्या मुलखात पोहोचली. तिथल्या शेतकऱ्याने आपला सातबारा देण्यापूर्वी किती परत, केव्हा आणि कोठे, हे तिन्ही लिहून मागावे. पूर्वीच्या लोकांना ‘केव्हा’ हा प्रश्न विचारायचे सुचले नव्हते.

कायद्याप्रमाणे विकास योजना साधारण वीस वर्षांनी सुधारावी लागते. प्रारूप नकाशा प्रसिद्ध होतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते आणि महिना, फार तर दोन महिने हरकती-सूचनांसाठी मिळतात. नकाशा पालिकेच्या भिंतीवर लावतात. मी असे नकाशे पाहायला मुद्दाम जातो. बहुतेक वेळा तिथे दोनच प्रकारची माणसे भेटतात, जमिनीचे दलाल आणि ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडले ते. आपल्या गल्लीचा रस्ता किती फुटांचा होणार, नाल्याचा हिरवा पट्टा राहिला की पिवळा झाला, हे पाहायला आलेला माणूस मला क्वचितच दिसला. एकदा शेजारच्या वस्तीतल्या चार बाया आल्या होत्या. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता, पण त्यांनी आधी पाण्याची टाकी शोधली, मग तिच्यापासून बोटाने चालत आपले घर शोधले आणि मग विचारले, ‘इथून शाळेत जायचा रस्ता कोणता?’ तो नकाशात नव्हता. पायवाट होती, नकाशाने तिच्यावर भूखंड पाडले होते. त्यांनी हरकत दिली, सुनावणीला गेल्या. योजना मंजूर झाली तेव्हा तिथे सहा मीटरचा रस्ता दाखवलेला होता.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तीत पालिकेचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. हरकत साध्या कागदावर चालते. सर्व्हे नंबर, आपले नाव-पत्ता, काय हवे आणि का हवे, एवढे लिहावे. दोन प्रती कराव्यात आणि एकीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्यावी.